अनुभव धागा: जूनटीन्थचा आनंद, नेमका कसा करतात?

रानजाई
बाजारात लाल अंबाडीची बोंडं दिसली आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा जूनटीन्थ, म्हणजे कृष्णवर्णीयांचा गुलामीतून सुटकेचा सण आठवला. 19 जून 1865 ला टेक्सासच्या गॅल्व्हस्टन गावात सरकारी फौजेच्या जनरल ग्रेंजरचा हुकूम निघाला, तेव्हा कुठे तिथल्या गुलामांना सुटका कळली. राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या गुलाममुक्तीच्या घोषणेला अडीच वर्षं होऊन गेली होती! हा दिवस साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून गुलामीतून सुटलेले पाद्री जॅक येट्स आणि सोबत्यांनी 1872 मध्ये वर्गणी काढून 10 एकर जमीन घेतली, तेच ह्यूस्टनचं इमॅन्सिपेशन (मुक्ती) पार्क. एवढं सोसलेल्या माणसांनी आधी नाचायला-जेवायला जागा घेतली, याचं मला फार मोल वाटतं. तिथलं खाणं, खेळ, नाच जे नीट माहीत असेल ते लिहा.

पळीपंचपात्र
लाल सरबत हवंच. 1 वाटी सुकी बोंडं आधी धुवा, नाहीतर तळाला रेती येते. 8 वाट्या पाणी आल्यासकट उकळून गॅस बंद, मग बोंडं टाकून अर्धा तास झाकण. बोंडं उकळत ठेवलीत तर तुरट होतं. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबटपणा धातूला लागतो. साखर गरम असताना, लिंबू गार झाल्यावर.

सुमी_नाशिक
भाजीची अंबाडी तीच का? आमच्याकडे हिरवी येते फक्त

पळीपंचपात्र
@सुमी जवळचीच. सरबताला लाल बोंडाची जाड पाकळी घ्यायची, आतली बी काढून. सेनेगलमध्ये बिसाप, जमैकात सॉरेल. पश्चिम आफ्रिकेची चव आहे ती, गुलामीतही टिकली.

दोरीवाली
डबल डच, दोरीवरच्या उड्यांचा खेळ! दोन दोऱ्या, फिरवणाऱ्या दोघी, उडी मारणारी एक. कोपर अंगाशी, फिरवायचा फक्त हाताचा पुढचा भाग. दोऱ्या आतल्या बाजूला, एक वर तेव्हा दुसरी जमिनीवर. हलकी नायलॉनची दोरी वाऱ्याने भरकटते, कमान धरत नाही. न्यूयॉर्कच्या मुली कपडे वाळत घालायची दोरी वापरायच्या. आत शिरताना फिरवणारीच्या खांद्याजवळ उभं राहायचं आणि जवळची दोरी वर जाताना घुसायचं. अडखळतात ते पायांकडे बघून. कान दोरीच्या ठोक्याकडे ठेवा. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत 1974 ला याची पहिली स्पर्धा झाली, आणि मुलींचा रस्त्यावरचा खेळ स्पर्धेचा खेळ म्हणून मोजला गेला.

kaka_तळेगाव
गुडघे वाचवा पोरींनो 😀 सिमेंटवर नको, मातीवर खेळा

दोरीवाली
काका, मातीवर ठोका ऐकू येत नाही! लाकडी फरशी उत्तम.

अभंगवेडा
थोडं अवांतर. फुल्यांनी 1873 ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ग्रेंजरच्या हुकुमाला तेव्हा आठच वर्षं झाली होती. म्हणून हा विषय मला परका वाटतच नाही.

सुमी_नाशिक
हे माहीत नव्हतं. अर्पणपत्रिका शोधून वाचते

चालती_बोलती
रोजचा आनंद म्हणाल तर गर्लट्रेक, अमेरिकेतली चालण्याची चळवळ. 2010 मध्ये दोन मैत्रिणींनी सुरू केलं: कृष्णवर्णीय बायकांनी रोज 30 मिनिटं चालायचं, जमलं तर घोळक्याने. हृदयविकार, मधुमेह, दिवसभराचा ताण, सगळ्यावर हा त्यांचा स्वतःचा उपाय. वेग इतकाच की बोलता यावं. धाप लागली की गप्पा थांबतात आणि नवीन बाई दुसऱ्या दिवशी येत नाही.

रानजाई
छान! इलेक्ट्रिक स्लाइड, तो रांगेत करायचा नाच, कुणी सांगेल का?

ठेका
18 मोजांचा नाच. उजवीकडे 4, डावीकडे 4, मागे 4. मग पुढे झुकून 2, मागे झुकून 2, शेवटच्या 2 मोजांत पाव वळण. गर्दी चुकते ती वळणावर, सगळे डावीकडे वळतात हे सुरुवातीलाच सांगा. म्हाताऱ्यांना कडेला नको, मधल्या रांगेत घ्या. चारही बाजूंना वळताना त्यांच्यासमोर कुणीतरी असतं, बघून पाय टाकता येतात.