लामूसाठी दोन दिवस पुरतील का?

प्रश्न : केनियाच्या किनाऱ्यावरील लामू हे जुने स्वाहिली नगर पाहण्याचा आमचा विचार आहे. हाती दोनच दिवस असल्याने किल्ला, जुनी वस्ती आणि जवळच्या मांडा बेटावरील टाकवा या जुन्या नगराचे अवशेष यांचा क्रम कसा लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : विमानतळ समोरच्या मांडा बेटावर आहे, तेथून होडीने लामूच्या धक्क्यावर उतरावे लागते. १८१३ ते १८२१ या काळात उभारलेला किल्ला पाहायला फार वेळ लागत नाही. २००१ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या या नगराचे खरे वैभव, माझ्या मते, प्रवाळाचा दगड आणि खारफुटीचे वासे वापरून बांधलेल्या घरांत, त्यांच्या कोरीव दरवाजांत आणि दाराशी बसण्यासाठी घातलेल्या ओट्यांत आहे. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, समोरून ओझे लादलेले गाढव आले की भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे लागते. पहिला दिवस केवळ पायी भटकण्यासाठी ठेवावा.

उत्तर २ : टाकवा सतराव्या शतकात ओस पडले. तेथील मशिदीच्या किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीवर उभा असलेला खांब अवश्य पाहावा. होडी खारफुटीतील खाडीतून जाते आणि ओहोटीत ती वाट अडते, त्यामुळे भरतीची वेळ नावाड्याला आदल्या दिवशीच विचारून मगच बाकीचे बेत ठरवावेत.

उत्तर ३ : वस्ती प्रामुख्याने मुस्लिम आहे. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि माणसांची छायाचित्रे विचारूनच काढावीत.