मदत हवी आहे: 'ड्यू टू' कुठं आणि 'बिकॉज ऑफ' कुठं?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं विचारतोय. पुतणी दहावीला आहे, 2019 च्या महापुरावर इंग्रजीत प्रकल्प लिहितेय. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, वगैरे सगळं छान मांडलंय पोरीनं. गाडी अडलीय ती 'ड्यू टू हेवी रेन, द रोड वॉज क्लोज्ड' या वाक्यावर. जुन्या व्याकरणाप्रमाणे 'ड्यू टू' नामाला जोडायचं, म्हणजे 'द फ्लड वॉज ड्यू टू हेवी रेन'. रस्ता बंद झाला, ही क्रिया. तिथं 'बिकॉज ऑफ'. पण पेपरात तर पहिलंच सर्रास दिसतं! आपलं 'मुळे' दोन्हीकडं चालतं, त्यामुळं तिला हा फरक पटेना. बोर्डाच्या परीक्षेत यावर मार्क कापतात का? इंग्रजी शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.