शब्दचर्चा : ‘डॉक्युमेंटेशन’ला दस्तऐवजीकरण म्हणावं का?

सांगलीहून

इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी एक पत्रक लिहितोय. मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघायला आणि बदलायला खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पांना फक्त कोड लिहिणारेच लागतात, असा पक्का समज आहे. तो दूर व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. सॉफ्टवेअर कसं वापरावं हे समजावणारं लेखन, म्हणजे ‘डॉक्युमेंटेशन’, हेही तिथे लागतं. त्यासाठी वाक्य असं झालंय : ‘मुक्तस्रोत प्रकल्पांच्या दस्तऐवजीकरणात स्वयंसेवी योगदान द्या.’ व्याकरणात खोट नाही, पण ज्यांना वाचायला दिलं त्यांनी विचारलं, ‘म्हणजे नेमकं करायचं काय?’ कोशात ‘प्रलेखन’ही सापडला. काय वापरावं?

वाईहून

‘प्रलेखन’ ग्रंथालयशास्त्रातला आहे. साहित्य जमवायचं, त्याच्या सूची करायच्या, हवं तेव्हा वाचकाच्या हाती द्यायचं, हा त्याचा रोख. सॉफ्टवेअर कसं वापरावं हे लिहिणं त्यात मावत नाही.

‘दस्तऐवज’ला माझा विरोध जास्त आहे. शब्द फारसीतून आला. दस्त म्हणजे हात. हाताशी धरायचा पुरावा तो दस्तऐवज. आपल्याकडे खरेदीखत, बक्षीसपत्र यांना दस्त म्हणतात. दस्त एकदा नोंदवला की त्यातलं अक्षर हलवता येत नाही. चूक निघाली तर चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो. सॉफ्टवेअरच्या माहितीचं अगदी उलट आहे. नवी आवृत्ती आली, मेनूतली एक ओळ दुसरीकडे गेली, की कालपर्यंत बरोबर असलेलं पान आज वाचणाऱ्याला चुकवतं. ती माहिती कुणालाही दुरुस्त करता आली पाहिजे, यासाठी तर ‘ग्नू’ या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला ‘ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स’ हा वेगळा परवाना २००० साली काढावा लागला. ज्याचा जीवच दुरुस्तीत आहे त्याला दस्ताचं नाव देऊ नये.

आमच्या गावाला ‘नोंद’ हा शब्द जवळचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम इथे उभं राहिलं, तेव्हापासून अभ्यासक विश्वकोशासाठी ‘नोंद लिहितो’ असंच म्हणतात. त्यात लिहिणं आहे, तपासून घेणं आहे आणि पुढच्या माणसाने भर घालणंही आहे.

कऱ्हाडहून

नोंद चांगला, पण सगळ्याला पुरणार नाही. मुळात एकच शब्द शोधतोय म्हणून अडतंय. डानिएले प्रोचिडा यांची ‘डायटॅक्सिस’ नावाची मांडणी आहे, कितीतरी प्रकल्प ती वापरतात. तीत लेखनाचे चार प्रकार वेगळे केलेत आणि चारही प्रकारांना मराठीत रोजचे शब्द आहेत. नवख्याला बोट धरून शिकवायचं तो धडा. ठरावीक काम कसं उरकायचं ती कृती. प्रत्येक आज्ञा काय करते ते नेमकेपणाने सांगायचं तो संदर्भ; वाईकरांची नोंद इथे बसते. आणि हे असं का बांधलंय, याचं विवेचन.

युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीची १९७१ ची पहिली पुस्तिका म्हणजे संदर्भ. पुढे तिच्याच धर्तीच्या मुक्तस्रोत लिनक्ससाठी स्वयंसेवकांनी ‘हाऊटू’ (अमुक काम कसं करावं) लिहिले, त्या कृती.

‘कृती’वर मी अडून बसेन. शाळेच्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं लिहूनच आपण सगळे दहावी झालो. प्रकल्पाला चूक कळवताना नेमकं हेच लागतं : कोणती आवृत्ती, काय काय केलं, काय दिसलं, काय वाटतं. मुलांना सांगा, ‘अमुक सॉफ्टवेअर बसवून बघा आणि केलेली कृती लिहून काढा.’ लिहिताना जी पायरी पुस्तिकेत नाही ती आपोआप सापडते, कारण नवखा माणूस तिथेच अडखळतो. जुन्या जाणत्याला ती पायरी सांगायची असते हेच सुचत नाही. म्हणून मला तर वाटतं, हे काम नवख्यानेच करावं. असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या गिटहब या संकेतस्थळावर बहुतेक पानांवर पेन्सिलीचं चिन्ह असतं, तिथूनच दुरुस्ती सुचवता येते. पहिल्या दिवशी गिटच्या (बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या साधनाच्या) आज्ञा पाठ असायची गरज नाही.

मिरजेहून

‘योगदान’ही बदला. तो शब्द सत्कारात नाही तर शोकसभेत ऐकू येतो. एखाद्याने आयुष्य वेचलं की त्याचं योगदान. तुटलेली लिंक बदलणाऱ्या मुलीला ‘मी योगदान दिलं’ म्हणायला जड जातं. ‘हातभार लावला’ ती सहज म्हणेल.

‘श्रमदान’ही डोक्यात आला होता. २०१६ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेपासून साताऱ्याच्या कोरेगाव भागात तो पुन्हा घराघरांत पोचला, पण त्याबरोबर टिकाव-फावडंच डोळ्यांपुढे येतं.

आपल्या खेड्यांत दोन जुने शब्द आहेत. ‘पैरा’त आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या, तो फेडावा लागतो. ‘इर्जिक’ला हाक आली की माणसं आपापली अवजारं घेऊन येतात, मजुरी घेत नाहीत, शेतकरी जेवण घालतो. काही प्रकल्प एखादा दिवस ठरवून सगळे मिळून पुस्तिका दुरुस्त करायला बसतात. त्या दिवसाला ‘पुस्तिकेची इर्जिक’ म्हटलं तर सांगली-साताऱ्याच्या मुलांना काय ते लगेच कळेल. लिबरऑफिस या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधल्या रायटर (लेखनासाठी) आणि कॅल्क (हिशेबाच्या तक्त्यांसाठी) यांच्या पुस्तिका तर स्वयंसेवकच लिहितात, एकाचं प्रकरण दुसरा तपासतो. तिथे कोड न येणाऱ्यालाही जागा आहे. कॉमर्सच्या मुलांनाही पत्रक द्या.

सांगलीहून

आता असं लिहिलंय : ‘सॉफ्टवेअर वापरताना कुठे अडलात? ती कृती नीट लिहून द्या. मुक्तस्रोत प्रकल्पांच्या पुस्तिकांना हातभार लावा.’ ‘दस्तऐवजीकरण’ काढला. इंग्रजी मेनूत शोधता यावं म्हणून ‘डॉक्युमेंटेशन’ हा शब्द पत्रकात पुढे एकदा ठेवलाय.

एक उरलं. पुस्तिकेच्या शेवटी या मुलांची नावं कुठल्या मथळ्याखाली घ्यायची? ‘सहकार्य’ की ‘ऋणनिर्देश’?

वाईहून

दोन्ही नकोत. ग्नूच्या प्रकल्पांत ‘ऑथर्स’ आणि ‘थँक्स’ अशा दोन वेगळ्या फाइली असतात. ज्याने पान लिहिलं त्याला आभाराच्या यादीत बसवू नका. मथळा ‘लेखक’ असाच द्या.