मदत हवी आहे: दहावीला लेखनिक घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपचे. लेक नववीत, मराठी माध्यम. डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना येणारी अडचण) आहे, सायन हॉस्पिटलचं प्रमाणपत्र मिळालंय. इतिहास तोंडी विचारा, घडाघडा सांगते. तेच लिहिताना 'शिवनेरी'चं 'शिनवेरी' होतं आणि अर्धा पेपर कोरा राहतो. (मार्क बघून शेजारच्या काकू 'अभ्यास करत नाही का गं?' विचारतात, ते वेगळंच.) अशा मुलांना दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा आणि लेखनिक (मूल सांगेल ते पेपरात लिहिणारा) मिळतो, पण ती म्हणते, "माझं मीच लिहीन."

ज्यांच्या मुलांनी लेखनिक घेतला त्यांनी सांगा ना: भूमितीची आकृती, समीकरणं तोंडी कशी सांगायची? सराव कधीपासून केलात? आणि लेखनिक शाळेने दिला की तुम्हीच शोधलात?