'प्वाल'ला मराठीत काय म्हणायचं?

एक फ्रेंच रहस्यकथा इंग्रजीवरून मराठीत आणतेय. कोटावर 'अ हेअर' सापडतो, मी 'केस' लिहून मोकळी झाले. नंतर मूळ फ्रेंच पाहिलं तर तिथे 'प्वाल'! म्हणजे अंगावरचा, दाढीचा किंवा जनावराचा केस. डोक्यावरचा असता तर 'शव्हू' असतं. पुढे संशय घरातल्या कुत्र्याकडे वळतो, तो दुवाच माझ्या 'केसा'त हरवला. शब्द सुचवा.

— 'लोम'. घरात शब्द असताना शेजारी कशाला मागायचा?

— 'लोम' आता अनुलोम-विलोमातच उरलाय. 'लव' ओळखीचा आहे, पण 'कोटावर एक लव सापडली' कुणी म्हणत नाही. आणि 'कुत्र्याचा केस' लिहिलं तर रहस्य तिथेच फुटतं.

— वापरलाच नाही तर रुळणार कसा? जावळ, आयाळ, बट, झिंज्या असं सगळं असलेल्या भाषेने इथेच हात का टेकावेत?

— आयाळीवरून आठवलं. घोड्याच्या आयाळीच्या आणि शेपटीच्या केसांना फ्रेंचमध्ये तिसराच शब्द आहे, 'क्रँ'. 'क्रिनोलिन' हे घेरदार झग्याच्या आतलं कापड त्यावरूनच. आणि आपला केसरी म्हणजे आयाळवाला. सीझरही त्यातलाच असणार, लॅटिनमध्ये 'कैसारिएस' म्हणजे दाट केस.

— नुसता उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. 'शव्हू' लॅटिन 'कापिल्लुस'वरून आणि 'प्वाल' 'पिलुस'वरून, हे मात्र पक्कं.

— पुण्यात फ्रेंच शिकताना मी 'मों शव्हू' म्हणाले, एकवचनात. बाईंनी विचारलं, "एकच केस आहे का तुला?" फ्रेंच लोक डोक्यावरच्या केसांना अनेकवचनच वापरतात, अगदी आपल्या 'माझे केस लांब आहेत'सारखं. मराठीतून विचार केला असता तर चुकले नसते, मधे इंग्रजी आली.

— आणि शाळेत आम्ही 'माय हेअर्स आर लाँग' म्हटल्यावर छड्या खाल्ल्या! चूक मराठी वळणाची होती, अडाणीपणाची नव्हती.

— पण इंग्रजीतही 'हेअर्स' आहे. आमटीत दोन केस निघाले तर 'टू हेअर्स'च.

— छड्या मारणाऱ्यांनी तेवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

— कुत्रा अजून कोटावरच आहे. आमच्या गावाकडे आजी म्हशीच्या अंगावरच्या केसांना 'लव'च म्हणायची. 'लवेचा एक केस' चालेल का?

— 'लोमा'ला चार अक्षरं तरी कमी लागतात.