'ययाती' शंभराव्या पानावर अडलीय, गटात कशी वाचावी?

कृष्णाकाठ (सांगली)
सहा जणांचा गट, हातात चार रविवार. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले, म्हणून पहिली त्यांचीच कादंबरी 'ययाती' (१९५९) घेतली. पण महाभारतातली गोष्ट आधीच ठाऊक असल्यानं निम्मे म्हणतात, पुढं काही घडतच नाही. शिवाय प्रती वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या, पानं जुळत नाहीत. वाटणी कशी करू?

हळदीचा_भाव
पानांवर वाटूच नका. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं 'मी' म्हणून बोलतात. बोलणारं माणूस बदललं की थांबायचं. खूणही तशीच सांगायची: 'देवयानीचा पहिला भाग, शेवटून तिसरा परिच्छेद'. मग आवृत्ती कुठलीही असो.

'काही घडत नाही' असं वाटतं, कारण मंडळी ती महाभारतासारखी वाचतायत. काय झालं ते सोडा, हे माणूस असं का सांगतंय ते बघा. राजकन्या शर्मिष्ठेचं देवयानीची दासी होणं घ्या. कागदाचे दोन उभे भाग करा. देवयानीच्या लेखी ती अपमानाची भरपाई. शर्मिष्ठेच्या लेखी देवयानीचे वडील, कुलगुरू शुक्राचार्य रुसून गेले तर आपलं कुळ बुडेल, त्याची किंमत. कोण कुठला तपशील गाळतं, तेही लिहा. तासभर पुरतो एवढा एक प्रसंग.

कंदी_सातारी
कागद दुसऱ्या वाचनाला हो. पहिल्यांदाच रकाने आखले तर पुस्तकाची वही होते.

खरी गोची वेगळीच. ययाती पहिला बोलतो, भरपूर बोलतो आणि गोड बोलतो. देवयानीची पाळी येईस्तोवर सगळे त्याच्या बाजूला गेलेले असतात. ज्याला तो फार आवडला, त्यालाच देवयानीचा भाग मोठ्यानं वाचायला द्या. दोनच पानं, जास्त नको. उपमांची गर्दी आहे, कान थकतात.

आणि बापलेकाचा विषय ययातीनं आपल्या मुलाकडं, पुरूकडं, तारुण्य मागण्यापासून काढू नका, तोवर उशीर झालेला असतो. ययातीच्या बापाला, नहुषाला मिळालेल्या शापापासून धरा. शाप बापाच्या वागण्याचा, भोग पोरांना. थोरला मुलगा यती घर सोडून गेलेला, त्यामुळं आईचा सगळा जीव धाकट्या ययातीत. तान्ह्या पुरूला घेऊन शर्मिष्ठा रात्री निघते, ते पान यालाच जोडून वाचा. गटात कुणाच्या घरी नुकतंच कुणी वारलं असेल, तर कुठला भाग येणार ते आदल्या रविवारी सांगून ठेवा.

कृष्णाकाठ
मग चौथ्या रविवारी काय?

हळदीचा_भाव
कच, देवयानीचं पहिलं प्रेम. त्याला स्वतःचा भागच नाही. तिघं त्याच्याबद्दल काय काय सांगतात, तेवढं एकत्र करा.