राजाच्या रिसेप्शनला गेले पण गुडघा वाकवला नाही, चुकलं का माझं?

शेवंती
इंग्लंडमध्ये स्कॉलरशिपवर पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. मागच्या महिन्यात बकिंगहॅम पॅलेसमध्ये परदेशी स्कॉलर्ससाठी रिसेप्शन होतं, त्यात माझं नाव लागलं. ड्रेसकोड लाउंज सूट किंवा नॅशनल ड्रेस, म्हणून आईची मोरपंखी पैठणी नेसले. आत गेल्यावर नावाचे बिल्ले दिले, मागे लोहचुंबकवाले, आणि तो बिल्ला काही केल्या पदराच्या जरीवर बसेना, सारखा घसरायचा, शेवटी तिथल्या एका बाईंनी त्यांच्याकडची पिन काढून नीट लावून दिला. मग आम्हाला पाच-सहा जणांच्या घोळक्याने अर्धगोलात उभं केलं आणि राजे एकेका घोळक्यापाशी येत गेले. माझ्या शेजारी आपल्याकडचीच एक मुलगी होती, तिने एक पाय मागे घेऊन, गुडघे वाकवून कर्टसी केली. मी हात जोडले, मान जरा लववली, 'युअर मॅजेस्टी' म्हणाले. त्यांनी काय शिकतेस विचारलं, मी मातीतल्या कार्बनबद्दल दोन वाक्यं सांगितली, ते पुढे गेले, बस एवढंच.

परत येताना ती मुलगी म्हणाली, तू उद्धटपणा केलास, निमंत्रण घेतलंस तर त्यांची रीतही पाळायची. ते काही डोक्यातून जात नाहीये. माझं म्हणणं असं की नमस्कार हा पूर्ण आदर आहे, त्यात काही कमी नाही. गुडघा वाकवणं ही प्रजेची खूण आणि मी प्रजा नाही, रिपब्लिकची नागरिक आहे. शिवाय राजघराण्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलंय की सक्तीचे असे काही नियम नाहीत, ज्यांना रीत पाळायची त्यांनी पाळावी, नुसतं हस्तांदोलनही चालतं. तुम्ही काय केलं असतं?

जुना_मुक्काम
मला नाही पटलं. गुरुद्वारात जाताना आपण डोकं झाकतो, मशिदीत चपला बाहेर काढतो, म्हणून काय धर्म बदलतो का? ज्याच्या घरी जायचं त्याच्या घरची पद्धत, साधी गोष्ट आहे. सक्ती नाही म्हणजे रीत नाही असं होत नाही ना. २२ वर्षं इथे राहतोय, कर्टसी करणाऱ्या कितीतरी बायका बघितल्या, त्यातल्या एकीच्याही मनात गुलामगिरी वगैरे नसते, समोरच्या वयस्कर माणसाचा आणि त्या पदाचा मान राखायचा एवढंच असतं. आणि रिपब्लिकचं म्हणशील तर १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यात आपणच राजाला कॉमनवेल्थचा, म्हणजे राष्ट्रकुलाचा, प्रमुख मानलंय, तेव्हा तो आपल्याला अगदीच परका नाही.

दप्तरदार
जाहीरनामा काढलाच आहे तर पूर्ण सांगा ना. भारत रिपब्लिक होणार आणि तरी कॉमनवेल्थमध्ये राहणार, म्हणून तर तो करावा लागला. त्यात राजा हा स्वतंत्र देशांच्या एकत्र येण्याचं प्रतीक एवढंच आहे, निष्ठेचा धागा तिथेच कापला गेला. म्हणजे ताईच्या बाजूने आहे तो कागद.

आणि आपल्याकडचंच उदाहरण घ्या. डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. पंचम जॉर्जपुढे संस्थानिकांनी तीनदा लवायचं आणि पाठ न दाखवता मागे सरकत जायचं असं ठरलेलं. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड एकदाच लवले, हातात छडी, आणि पाठ फिरवून निघाले. इंग्रजी पेपरांनी केवढा गदारोळ केला! गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी याच राजवाड्यात पंचा आणि शाल घालून गेले, त्याच राजाच्या चहापानाला. दोघंही गेले, हे लक्षात घ्या, बहिष्कार नाही टाकला, पण कसं जायचं ते स्वतः ठरवलं.

जुना_मुक्काम
सयाजीरावांचं अर्धंच सांगितलंत. नंतर त्यांना व्हाइसरॉयला लेखी दिलगिरी कळवावी लागली, गोंधळून गेलो होतो वगैरे. त्यांचं राज्य पणाला लागलं होतं, इथे या मुलीचं काय पणाला लागलंय? कुणी डोळे वटारले नाहीत, उलट पिन लावून दिली. ज्या घराने एवढं जपलं तिथे मोडता घालायची हौस कशाला.

दप्तरदार
तेच म्हणतोय मी, काका. त्यांना दिलगिरी लिहायला लागली आणि हिला लागत नाही, या दोन गोष्टींच्या मध्ये जे घडलं त्यालाच तर स्वातंत्र्य म्हणतात. मग वापरायला नको का ते?

कोरडवाहू
मी तर गेलोच नसतो. विद्यार्थ्यांकडून हेल्थ सरचार्जचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या शुल्काचे, वर्षाला ७७६ पौंड व्हिसाच्या वेळीच आगाऊ घेतात, टर्ममध्ये आठवड्याला २० तासांच्या वर काम करायची परवानगी नाही, माझ्या आधीच्या घरात आम्ही पाच जण एका बाथरूमवर दिवस काढत होतो आणि हिवाळ्यात हीटर लावायचा की नाही यावर बैठक बसायची. आणि त्या राजवाड्याच्या वायरिंग-पाइपांच्या कामाला दहा वर्षांत ३६ कोटी ९० लाख पौंड, तेही लोकांच्या पैशातून. वर कोहिनूर. १८४९ मध्ये पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाच्या नावावर करार करून नेलेला हिरा अजून टॉवर ऑफ लंडनमध्ये काचेमागे ठेवलाय. तिथे जाऊन नमस्कार करायचा की कर्टसी, हा वादच मला फिजूल वाटतो, पाऊल टाकलंत तिथेच मान्यता दिलीत.

शेवंती
कोरडवाहू, तुमचा राग खोटा नाही, सरचार्ज मीही भरलाय आणि तेव्हा बाबांनी एफडी मोडली होती. पण तो राजा ठरवत नाही, पार्लमेंट ठरवतं. आणि गेल्याने काय झालं ते सांगते, तिथेच शेतीवर काम करणाऱ्या केनियाच्या एका स्कॉलरशी ओळख झाली, आता आम्ही आमच्याकडचे मातीचे आकडे एकमेकांना पाठवतोय. न जाता माझा निषेध कुणाला कळला असता, माझ्या खोलीच्या भिंतीला? साडी नेसून, हात जोडून, ताठ उभी राहून बोलले, ते निदान तिथल्या माणसांनी बघितलं.

कोरडवाहू
ओळख कॉन्फरन्समध्येही झाली असती. असो. तुमचं ताठ उभं राहणं मान्य, माझं न जाणंही मान्य करा.

ओलेती_माती
एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. पुरुषांनी फक्त मान लववायची आणि बायकांनी गुडघा वाकवायचा, ही रीत आहे ना? मग काका, घरची पद्धत म्हणून तुम्ही मान हलवून मोकळे आणि आम्ही खाली जायचं, हे कसं काय? माझा विरोध राजाला नाही, या फरकाला आहे. मी असते तर पुरुषांसारखीच मान लववली असती.

पण शेवंती, तुझंही एक खटकलं. 'प्रजेची खूण' लिहिलंस म्हणजे तुझ्या शेजारच्या मुलीला प्रजा म्हणालीस. ती कुठून आली, तिला तिथे उभं राहायला काय काय करावं लागलं, तू विचारलंस का? कदाचित आदल्या रात्री आरशासमोर दहा वेळा करून बघितली असेल ती कर्टसी, कारण चुकायला नको. तिने तुला उद्धट म्हणायला नको होतं, आणि तूही तिला इथे बारा लोकांसमोर असं मांडायला नको होतं.

शेवंती
हो, हे लागलं. खरंच विचारलं नाही मी. आठवतंय ते असं की राजे यायच्या आधी तिचे हात गार पडले होते, तिने माझा हात धरला होता आणि मीही तो सोडला नव्हता. नमस्कारावर मी अजून ठाम आहे, गुडघा पुढेही वाकवणार नाही. पण 'प्रजा' हा शब्द मागे घेते. तिला उद्या फोन करते.

जुना_मुक्काम
ओलेती_माती, बायका-पुरुषांतल्या फरकाला माझ्याकडे उत्तर नाही, तेवढं तुमचं बरोबर. बाकी मत तेच, पाहुण्याने यजमानाची रीत पाळावी. शेवंती, फोन नक्की कर. आणि पुन्हा बोलावणं आलं तर पैठणीला दोन पिना घरूनच लावून जा, त्या लोहचुंबकाच्या बिल्ल्यांनी माझ्या बायकोचाही पदर असाच ओढला होता.